अनसाबाईची पाचवी तार

"आजारी कोण?" मी फॉर्मवरून मान न उचलता विचारलं.

"मी," समोरून खणखणीत आवाज आला.

मान उचलली. काउंटरपलीकडे अनसाबाई उभी. डोक्यावर वांग्याचं टोपलं, तोंडात पान, कपाळावर घाम. बाजारातून तरातरा चालत आलेली. मला त्या आठवड्यात सर्दी होती, म्हणजे आम्हा दोघांत आजारी कोण असेल तर मीच होतो.

"तुम्हीच सिरीयस?"

"हाव. लेह. मदर सिरीयस. पुढचं तुले येते."

"पण झालं काय तुम्हाले?"

"मले काय होते? माह्या किसनसाठी धामणगावची पोरगी पाह्यली. ते लोक पोट्टा पाहायले येऊन राह्यले. आता पोट्टाच नाई तं त्यायले दाखू काय, वांगे?"

मी लिहिलं: मदर सिरीयस स्टार्ट इमिजिएटली. अनसाबाईनं अंगठा उठवला, पैसे मोजले, टोपलं सावरलं आणि जाता जाता मला म्हणाली, "आन् ते सर्दीवर ओवा शेकून घे बाबू, मरशील."

ही तिची सिरीयस व्हायची तिसरी वेळ.

मी तेव्हा मोताळा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी तारबाबू होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली अर्धी माणसं अजून मला ओळखतात आणि उरलेल्या अर्ध्यांच्या तारा मीच ठोकल्यात. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा, बुलढाण्याचाच. पोस्ट आणि तार एकाच खोलीत. एका टेबलावर पितळेची 'की', म्हणजे बोटानं दाबायचा खटका. थोडं दाबलं की डॉट, जास्त वेळ दाबलं की डॅश, आणि त्या डॉट-डॅशची अक्षरं. कडकट्ट कट्ट करून मी मजकूर पुढच्या मोठ्या ऑफिसला द्यायचो, तिथून तो मजल दरमजल करत जायचा. मजकूर इंग्रजीत. देवनागरी तारेची सोय मोठ्या ठिकाणी झाली होती म्हणत, आमच्यापर्यंत ती पोचली नव्हती. त्यामुळं लोक वऱ्हाडीत सांगत आणि मी इंग्रजीत उतरवत असे.

ठराविक शब्दांपर्यंत तारेला एकच दर होता, पुढं प्रत्येक शब्दाचे वेगळे पैसे. म्हणून लोकांना कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त घबराट पाहिजे असे. त्या कामाला 'सिरीयस'सारखा शब्द नव्हता. एवढासा शब्द, ठोकायलाही हलका, बहुतेक डॉटच डॉट. आणि फौजेत, रेल्वेत, गिरणीत, जिथं जिथं आमच्या गावची पोरं होती तिथं तिथं साहेबाला तार दाखवल्याशिवाय रजा मिळत नसे. मग काय, सगळं गाव सिरीयस.

पहिल्या सहा महिन्यांतच मी या शब्दाचा पंडित झालो. मृगाच्या तोंडावर 'फादर सिरीयस' आलं की समजायचं, पेरणीला माणूस कमी आहे. 'ब्रदर सिरीयस' म्हणजे वाटणी. त्यातही धाकट्यानं थोरल्याला पाठवली तर मोजणीदार यायचा आहे, आणि थोरल्यानं धाकट्याला पाठवली तर मोजणीदार येऊन गेला आहे. 'वाईफ सिरीयस' म्हणजे बायको माहेरी निघून गेली आणि सासरा परत पाठवायला तयार नाही. एका गृहस्थानं म्हैस व्याली नाही म्हणून 'ग्रँडमदर सिरीयस' केली होती. मी म्हटलं, "अरे, आजी तं तुही मागंच गेली ना?" तो म्हणाला, "म्हणून तं तिचं नाव घेतलं. जित्त्या माणसाचं अभद्र काऊन बोलावं?"

आणि माणूस खरोखर गेला असला तरीही 'सिरीयस'च. मुलाला एवढ्या लांबच्या प्रवासात एकट्यानं ते ओझं वागवायला लागू नये, म्हणून 'गेले' असं कोणी कधी लिहीत नसे. त्यासाठी आधी 'व्हेरी' लावायचे. तार आली आणि मी वाचताना 'व्हेरी' म्हटलं की काउंटरवरच हंबरडा फुटायचा, पुढचा शब्द वाचायची गरजच नसे.

राहिला खरंच आजारी पडलेला माणूस. त्याच्यासाठी मात्र हा शब्द वापरायची आमच्याकडं रीतच नव्हती. आजारी माणसाला बैलगाडीत घालून डॉक्टरकडं नेत, तार करायला कोणाला वेळ असणार?

आमचे पोस्टमास्तर जोगळेकर. पुण्याकडचे. कोट, टोपी आणि नियमांचं जाडजूड पुस्तक. वऱ्हाडी त्यांना कळायची, पण ऐकताना त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. अनसाबाई तिसऱ्यांदा सिरीयस होऊन गेली त्या दिवशी ते आतून बाहेर आले.

"अहो, ही बाई स्वतःच्या पायांनी आली होती ना?"

"हो."

"आणि मृत्युशय्येवर आहे म्हणून तार केली?"

"मृत्युशय्या नाही मास्तर, सिरीयस. ते वेगळं."

"ही शुद्ध लबाडी आहे! घेतली कशी तुम्ही?"

मी त्यांचंच पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. तारेत शिवीगाळ नसावी, देशद्रोह नसावा, अक्षर वाचता यावं. मजकूर खरा की खोटा हे बघायचं काम आपलं नाही. तार पाठवणाऱ्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पाठवणारा सांगेल ते. एक अक्षर इकडं नाही, तिकडं नाही." नियम निघाला की मास्तरांचा राग जागच्या जागी बसायचा, ते एक बरं होतं.

फौजेतला किसन रजेवर आला. धामणगावच्या मुलीला पसंत पडला. पण लग्नाचा दिवस वर्षभरानंतरचा धरला. परत जाताना पोस्टात मला भेटून गेला. हसरा, शांत पोरगा, आईच्या अगदी उलट. "बाबू, आता मायनं सिरीयस केलं तं एकदा विचारत जा ना," तो म्हणाला. "कंपनीत पोट्टे मले 'मदर सिरीयस' म्हणूनच हाका मारून राह्यले. साहेबानं तं सांगतलंच, चौथी तार आली तं फाडून टाकीन."

मी हसलो. तोही हसला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे पुढं कळलं.

त्यानंतरच्या चैत्रात एक दिवस किसनचा बाप लक्ष्मणदादा काउंटरवर आला. हा माणूस एरवी तोंडातून शब्द काढत नसे. घरात बोलायचं काम अनसाबाईनं एकटीनंच घेतलं होतं. काउंटरची कड धरून उभा राहिला.

"बाबू, तार कराची."

"मदर सिरीयस?" मी सवयीनं फॉर्म ओढला. "या वेळी काय, मांडवाचं ठरलं?"

मी वर पाहिलं. त्यानं फॉर्मवर तळहात ठेवला.

मग एकेक करून कळलं. अनसाबाईच्या पोटात गाठ. कित्येक महिने दुखणं अंगावर काढलं, अंगावरून जात होतं तेही लपवलं. आता उठवत नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, आठवडा-दहा दिवसांत बुलढाण्याला नेऊन ऑपरेशन करा, त्याच्या पुढं मी बोलत नाही. आणि ही बाई बुलढाण्याला जायला तयार नाही. पोट फाडून घेणार नाही म्हणते. नवऱ्याचं ऐकत नाही, डॉक्टरला तर शिव्या घालते.

"ते फकत किसनचंच आयकते," लक्ष्मणदादा म्हणाला. "किसन आला तं जाईन. नाई तं..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तार लिहिली. तिन्ही वेळा लिहिलेलीच ओळ, अक्षरन् अक्षर तीच. मदर सिरीयस स्टार्ट इमिजिएटली. बाई खाटेवर पडली होती आणि तिच्यासाठी माझ्याकडं कोरा शब्द उरला नव्हता. मी 'व्हेरी' लावू का म्हणून विचारलं, तर लक्ष्मणदादा दचकून दोन पावलं मागंच सरला. तिसरी तार मीच हसत हसत ठोकली होती. चौथी एक्स्प्रेस केली, म्हणजे दुप्पट दराची, आधी जाणारी. दुसरं काय करणार होतो?

तिसऱ्या दिवशी दुपारी साउंडर वाजायला लागला. साउंडर म्हणजे पलीकडून आलेले डॉट-डॅश ऐकवणारं यंत्र. मी पेन्सिल घेऊन उतरवत गेलो. लक्ष्मणदादाच्या नावानं होती. मजकूर असा: विच सिरीयस कोर्स ऑन. किसन.

कोणतं सिरीयस?

पोरानं बापाला नाही, खरं तर मलाच विचारलं होतं. तो कोर्स म्हणजे नायकाची फीत, म्हणजे फौजेतली बढती, मिळायचा. पंधरा दिवसांपूर्वीच तसं पत्र आलं होतं, आणि ते अनसाबाईला मीच वाचून दाखवलं होतं. कोर्स अर्ध्यावर सोडला की फीत लांबली. या वेळी नुसत्या तारेवर साहेब सोडणार नव्हता आणि किसनही उठून येणार नव्हता.

तार वाटणारा शिपाई त्या दिवशी रजेवर. (त्याचा 'अंकल सिरीयस' होता.) मी मास्तरांना सांगून स्वतःच निघालो. मळा गावाबाहेर, विहिरीजवळ दोन खोल्या. दारात लक्ष्मणदादा बसला होता. मी तार वाचून अर्थ सांगितला. तो हळूच म्हणाला, "बाबू, एक काम करा. मेली म्हणून लेहा."

"काय?"

"लेहा, मेली. मंग तं सोडतीन ना? आल्यावर पाह्यन पोट्ट्याचं. माह्या तोंडात मारू दे त्याले."

खरं सांगतो, मला ते पटलं. मी खिशातून कोरा फॉर्म काढलासुद्धा. गाव इतकं खोटं बोललं, आणखी एक. आणि हे खोटं तर बाई वाचावी म्हणून.

तेवढ्यात आतून आवाज आला. खोल गेलेला, पण तोच. "मले जित्तेपणी मारता का बे दोघं मिळून?"

आम्ही दोघंही चोरासारखे आत गेलो. अनसाबाई खाटेवर. ती बाई एवढीशी झाली होती. हात चिपाड, डोळे तेवढे तेच. मला म्हणाली, "काय आलं त्याचं, वाच."

वाचलं. ती थोडी हसली. "कोनतं सिरीयस म्हनते? हुशार झालं पोट्टं." मग हसू गेलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. "माह्यंच चुकलं बाबू. पोरगी पाहायले बोलावलं, मोजणीले बोलावलं, नंदेच्या लगनाले बोलावलं. आता कोन्या तोंडानं बोलावू? त्याची फीत जाईन. लेह, येऊ नको."

"अनसामाय, काहीतरीच काय!"

"लेह म्हनते ना. येऊ नको. कोर्स सोडू नको. माय म्हनते."

"अहो, पण तुम्हाले बुलढाण्याले न्यायचं..."

"मी कोठी जात नाई. तार मी करून राह्यली का तू? आण, अंगठा घे."

लक्ष्मणदादा बाहेर निघून गेला. मी फॉर्म भरला. तिनं शाईचा अंगठा उठवला आणि उशीखालची पुरचुंडी माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "सरकार तुह्या बापाचं हाय का?"

वाटेत माझ्या मनात काय काय येऊन गेलं! फॉर्म फाडून टाकावा. 'मदर एक्स्पायर्ड' असा दुसरा भरावा. अंगठा काय, कोणाचाही चालतो. ऑफिसात येऊन मास्तरांना सगळं सांगितलं. म्हटलं, "मास्तर, ही तार गेली तर पोरगा येत नाही, आणि तो आला नाही तर बाई जगत नाही. मी मजकूर बदलतो. तुम्ही आत जाऊन बसा."

मास्तर आत गेले नाहीत. फॉर्म हातात घेऊन त्यांनी वाचला. बराच वेळ वाचला, दहाच शब्द तर होते. "पाठवणारा सांगेल ते," ते म्हणाले. "एक अक्षर इकडं नाही, तिकडं नाही. शुद्धीवर आहेत ना त्या? मग त्यांची तार आहे, तुमची नाही. ठोका."

त्या क्षणी त्यांचं ते पुस्तक त्यांच्या डोक्यात घालावं असं मला वाटलं. पण नोकरी होती. 'की'पुढं बसलो. मदर सेज डू नॉट कम डू नॉट लीव्ह कोर्स. आयुष्यात एवढी वाईट तार मी ठोकली नाही. पुढच्या ऑफिसातल्या बाबूनं लगेच उलट विचारलं, 'नॉट' दोन्हीकडं बरोबर आहे का? त्यालाही सवय नव्हती. मी कळवलं, बरोबर आहे.

पाचव्या दिवशी सकाळी मी पोस्टाचं दार उघडत होतो, तर नांदुऱ्याकडच्या पहिल्या एसटीतून ट्रंक खांद्यावर घेऊन किसन उतरला. मी किल्ली हातात घेऊन तसाच उभा.

"माय?" त्यानं एवढंच विचारलं.

"हाय. जित्ती हाय. पण तू कसा आला? कोर्स?"

"चालू हाय." तो थांबलासुद्धा नाही. चालता चालता सांगत गेला, मी मागं. "तार आली अन् म्या उलटीपालटी करून पाह्यली. माह्यी माय अन् येऊ नको म्हनते? पाऊस पडला तरी बोलावनारी बाई. सरळ साहेबाकडं गेलो. साहेब म्हने, यात तं येऊ नको लेहलं. म्या म्हटलं, म्हणूनच जायचं हाय साहेब."

"मग?"

"साहेबानं पयल्या चारी तारा मांगवल्या. टेबलावर मांडल्या. ही पाचवी वाचली. मले म्हने, 'ये' म्हणायले सारी दुनिया तार करते. 'येऊ नको' म्हणायले कोनी गाठीचे पैसे खर्च करते का? जाय. कोर्स पुढच्या बॅचले कर."

त्याच दुपारी त्यानं अनसाबाईला उचलून बुलढाण्याच्या गाडीत बसवलं. ती सगळ्या स्टँडभर ओरडत होती, पोट फाडून घेणार नाही म्हणून. गाडी घाट चढेपर्यंत तिचं चालू होतं, असं कंडक्टरनं मला नंतर सांगितलं. पण गेली. ऑपरेशन झालं. गाठ निघाली ती नारळाएवढी. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस गेले असते तर आम्ही हात लावला नसता. मला हे कळलं तेव्हा मी मास्तरांच्या टेबलावर पाव किलो पेढे ठेवले. मास्तरांनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, एक अक्षर इकडं नाही, तिकडं नाही, त्याबद्दल. त्यांनी एक पेढा खाल्ला आणि बाकीचे मोजून शिपायांत वाटले.

गावात अशी गोष्ट लपते थोडीच! महिन्याभरात एक म्हातारा काउंटरवर आला. "बाबू, ते सिरीयस नका लेहू. ते अनसीवालं लेहा, येऊ नको वालं. त्यानं लवकर येतात म्हणे." मी समजावलं, ऐकेना. ठोकली. त्याचा मुलगा मुंबईला गिरणीत. त्यानं तार वाचली, बरं झालं म्हणाला आणि मुंबईतच राहिला. म्हातारा येऊन मला शिव्या देऊन गेला. त्याच्यामागं आणखी तिघं तीच तार करायला आले. जोगळेकर मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "आता या गावात 'नको'लाही अर्थ राहिला नाही!"

पावसाळ्याच्या आधी अनसाबाई स्वतः आली. काठी टेकत, हळूहळू, पण तोंडात पान. बाकड्यावर बसली, दम खाल्ला. मला वाटलं, आता दोन शब्द चांगले बोलेल. मी चहा सांगितला.

"बाबू," ती म्हणाली, "म्या तुले काय लेहायले सांगतलं होतं?"

"येऊ नको."

"तेच लेहलं होतं का तुनं?"

"तेच. मास्तरांना विचारा."

"मंग तो आला काऊन?"

मी आलेला चहा तिच्यापुढं सरकवला.

"म्या 'ये' म्हनलं तवा आला. 'येऊ नको' म्हनलं तवाई आला. फीत गेली ना पोराची वरीसभर! मंग तुह्या तारेचा उपेग काय? पैसे वापस दे माहे."

मास्तर आतून बाहेर आले. तक्रार ती तक्रार. त्यांनी तक्रारीचा छापील फॉर्म काढला, दौत उघडली आणि रकाने वाचायला लागले. तार हरवली? नाही. उशीर झाला? नाही. मजकूर चुकला? नाही. भलत्यालाच पोचली? नाही. मास्तरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्याशी तिच्या भाषेत बोलले, "पोरानं आयकलं नाई, याचा रकानाच नाई हो बाई."

अनसाबाईनं चहा प्यायला, पण समाधान झालं नाही ते नाहीच. पुढं तीस-बत्तीस वर्षं मी ठिकठिकाणी तारा ठोकल्या आणि कित्येक नवीन बाबू तयार केले. त्यांना एवढंच सांगत आलो: मजकूर जसाच्या तसा ठोका, अर्थाची काळजी करू नका. तो ज्याची तार आहे त्याला बरोबर कळतो, आणि कळला नाही तर त्याचा रकाना नाही.